तिन्हीसांजेची तगमग

ती. ताईस,


डिमेन्शियात स्मरणशक्ती जाते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नसते. उसळलेली भावना आपली आपण खाली बसवण्याची ताकद ओसरत जाते. निरोगी माणसाला राग आला, भीती वाटली, तर मेंदूचा कपाळामागचा भाग त्या भावनेला आवर घालतो. ‘जाऊ दे’, ‘एवढे काही नाही’ अशी मनातल्या मनात घातलेली समजूत तिथली असते. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात बहुधा आधी हिप्पोकॅम्पस झिजतो, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, आणि पुढे हा आवर घालणारा भागही. भीती आणि संताप मात्र उसळतच राहतात. असा माणूस शांत होतो तो बहुतेक वेळा जवळच्या माणसाच्या शांतपणाच्या आधाराने. म्हणून सेवा करणाऱ्याचा आवाज, चेहरा आणि हात हे उपचारातच मोडतात.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंददायक चित्रफिती दाखवल्या होत्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिले ते जवळपास सांगता येईना, पण मनावरचे सावट किंवा प्रसन्नता मागे राहिली होती. ज्यांना कमी आठवत होते, त्यांचे दुःख उलट अधिक रेंगाळले. ‘ओरडले तरी पाच मिनिटांत विसरतात’ हा घराघरांतला समज म्हणूनच घातक आहे. शब्द विसरले जातात, धसका राहतो. आणि तो कशाचा, हे सांगता येत नसल्यामुळे तो माणूस दिवसभर कारण नसताना चिडलेला दिसतो.

तू पत्रात विचारलेली संध्याकाळची तगमग याच आजाराचा ओळखीचा भाग आहे. दुपारी चारनंतर येरझाऱ्या सुरू होतात, पिशवी भरली जाते, दाराची कडी चाचपली जाते आणि ‘मला घरी जायचंय’ हे पालुपद लागते. मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळ बिघडलेले असते, दिवसभराचा थकवा साचलेला असतो, आणि वयामुळे डोळ्यांत कमी उजेड शिरत असल्याने सावल्यांची माणसे होतात. त्यातच घरात शाळेतून मुले येतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, मालिका लागतात. रुग्णसेवा ब्युरोतून येणाऱ्या मावशींची पाळी बदलायची वेळही पुष्कळ घरांत दिवेलागणीनंतरच असते. म्हणजे मन सर्वांत नाजूक असते तेव्हाच ओळखीचा चेहरा निघून जातो. दिवे अंधार पडण्याआधी लावणे, सकाळी अर्धा तास उन्हात बसवणे, दुपारची झोप आटोपती ठेवणे, चारला थोडे खायला देणे आणि पाळीची वेळ शक्य तर बदलून घेणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

‘हेच तुमचं घर आहे’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते, कारण मागणी पत्त्याची नसते. त्या माणसाला जिथे सुरक्षित वाटायचे, तिथे जायचे असते. शेजारी बसून, नजरेला नजर देऊन ‘घरी कोण कोण असायचं?’ असे विचारले की बोलणे अंगण, विहीर, भावंडे यांच्याकडे वळते आणि कडीवरचा हात सुटतो. खोटे वचनही द्यावे लागत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७च्या पुस्तकात अशा रुग्णांचा मान हिरावणाऱ्या वागण्याची यादीच दिली आहे: फसवणे, लहान मुलासारखे वागवणे, घाई करणे, समोर असताना जणू ते तिथे नाहीतच असे बोलणे. त्यातले बहुतेक सारे प्रेमाच्या माणसांकडून, वाईट हेतूशिवाय घडते.

आंघोळ ही असा मान राखण्याची खरी कसोटी. अनोळखी बाई येते, कपडे उतरवते, डोक्यावर पाणी ओतते. हा सगळा प्रकार त्या क्षणी हल्ल्यासारखाच वाटतो, आणि मग चापट किंवा चावा. तेच काम असेही होते: न्हाणीघर आधी गरम करायचे, अंगावर पंचा किंवा मोठा टॉवेल तसाच ठेवून पाणी पायांपासून वर आणायचे, पुढे काय करणार ते प्रत्येक वेळी सांगायचे, तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा, डोके धुणे वेगळ्या दिवसावर टाकायचे. नकार आला तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा विचारायचे. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह सोडला तर ओल्या फडक्याने अंग पुसूनही निभते.

वागणे अचानक, एक-दोन दिवसांत बिघडले तर मात्र समजूत घालत बसू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दाताचे किंवा गुडघ्याचे दुखणे, पाणी कमी पडणे, नवे औषध यांपैकी काहीतरी असण्याची दाट शक्यता असते आणि त्या माणसाला ते सांगता येत नाही. कानातले यंत्र बंद पडले आहे का, चष्मा पुसलेला आहे का, हेही पाहावे.

झोपवून ठेवणाऱ्या गोळ्यांचा मोह मोठा असतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली इशारा दिला की डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमध्ये त्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो. ब्रिटनमध्ये २००९च्या सरकारी अहवालाच्या अंदाजानुसार १,८०,००० रुग्णांना ही औषधे दिली जात होती आणि त्यांतल्या सुमारे ३६,००० जणांनाच काही फायदा होत होता. भ्रमामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची वेळ आली तर औषध लागतेच, पण कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि ते कधी थांबवायचे हे डॉक्टरांना विचारून. पलंगाला बांधल्याने तर भीती आणि पडण्याची शक्यता दोन्ही वाढतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांतल्या बहुतेकांची सेवा घरातली एखादी सून, मुलगी किंवा पत्नीच करते. झोप न झालेल्या माणसाचा आवाज चढतोच, आणि तो चढला की रुग्णाचाही चढतो. म्हणून सेवा करणाऱ्याची सलग झोप, आठवड्यातली ठरलेली सुट्टी आणि मावशींना दिलेली नीट माहिती (आवडते गाणे, नको असलेला स्पर्श, हाक कोणत्या नावाने मारायची) ही औषधांच्या वेळापत्रकाशेजारीच भिंतीवर लिहिलेली असावी. भावांनी पैसे पाठवून भागत नाही. महिन्यातले काही दिवस प्रत्यक्ष येऊन राहण्याची वाटणी लेखी ठरवलेली बरी.


तुझी धाकटी