पेटी, भाता आणि ड्रायव्हर

शनिवारी माळ्यावरून मिडी कीबोर्ड काढला. कॉलेजात हौसेने सेकंडहँड घेतलेला, मग ऑफिसच्या रगाड्यात विसरलेला. निमित्त बाबा. खांद्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं पेटीचा भाता ओढणं बंद झालंय. म्हटलं, याला भाताच नाही!

यूएसबी लावली. दिवे लागले, आवाज शून्य. सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या जमान्यातला. तो विंडोज ११ वर बळेच बसवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, पुन्हा तेच. आठवडाभर लोकांचे बग सोडवणारा मी, दुपारी तीनपर्यंत घामाघूम!

शेवटी वैतागून ड्रायव्हर काढला आणि काहीच बसवलं नाही. तर चाललं की! यूएसबी-मिडीचं स्टँडर्ड १९९९ मध्येच ठरलंय. ते पाळणारा कीबोर्ड विंडोज आपणहून ओळखते. आणि कीबोर्ड आवाज पाठवतच नाही. कुठली पट्टी, किती जोरात, एवढेच आकडे पाठवतो. आवाज काढायचा कॉम्प्युटरने. मग पेटीचा आवाज लोड केला.

बाबांनी सा धरला, दोन सूर वाजवले आणि थांबले. "आवाज मागून येतोय रे."

बफर १०२४ सॅम्पल्सचा होता. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स, म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर. १२८ वर आणला, तीनच्या आत. मला फरक जाणवलाही नव्हता. त्यांच्या बोटांना जाणवला.

दिवेलागणीला भूप सुरू झाला. आई हातातलं काम टाकून बाहेर आली.

बाबांचा डावा हात मांडीवर होता. बोटं मात्र मिटत होती, उघडत होती. भाता शोधत असावीत.

त्याचा ड्रायव्हर माझ्याकडे नाही.