माळ्यावरचे बूट

सातवीत असताना शाळेच्या फुटबॉल संघात माझी निवड झाली नाही. ‘अजून लहान आहेस रे,’ सर म्हणाले. मी रागाने बूट माळ्यावर टाकले, ते कायमचेच.

म्हणूनच जपानच्या शुनसुके नाकामुराची गोष्ट मला चटका लावते. त्याचा जन्म १९७८ चा, योकोहामा शहरातला. तिथल्याच मारिनोस क्लबच्या मुलांच्या संघात तो खेळायचा. पण वरच्या गटात क्लबने त्याला घेतलंच नाही. अंगाने लहानखुरा ना! पठ्ठ्या शाळेच्या संघातून खेळत राहिला. १९९७ मध्ये त्याच क्लबने त्याला बोलावलं.

२००२ चा वर्ल्ड कप जपानमध्येही झाला, तेव्हा त्याला पुन्हा वगळलं. तो इटलीत गेला, तिथून स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबात. २००६ मध्ये त्याच्या डाव्या पायाच्या फ्री किकने बलाढ्य मँचेस्टर युनायटेड १-० असं हरलं! २०१३ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तो जपानच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही मारिनोसकडूनच. २०२२ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी तो थांबला.

आणि मी? आठवीत माझी उंची भराभर वाढली. पण तोवर ते बूट पायाला होईनासे झाले होते, आणि नवे मागायचं मी मनावरच घेतलं नाही.