पदवी अर्धवट सोडण्याआधी
कॉलेज सोडून छोट्या स्टार्टअपमध्ये निघालेल्यांना बिल गेट्स यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. पण १९७५ मध्ये हार्वर्ड सोडताना ते स्वतःच्या कंपनीसाठी निघाले होते. नोकरदार जोखीम घेतो, मालकी मात्र घेत नाही. शेअरचं आश्वासन मिळालं तरी आपल्या कंपनी कायद्याच्या नियमांनुसार तो हक्क पक्का व्हायला किमान एक वर्ष लागतं, आणि तोवर कंपनी टिकायला हवी. कामावरचं शिक्षण वर्गात मिळत नाही, हे मला मनापासून मान्य आहे. विशीत खरी जबाबदारी अंगावर पडणं ही फार मोलाची गोष्ट. म्हणून जरूर जा, पण परतीची वाट राखून. २०२० च्या शैक्षणिक धोरणातून आलेल्या क्रेडिट बँकेत मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत जपता येतात. नाव काढून घेण्याआधी आपलं कॉलेज त्या योजनेत आहे का, एवढं कार्यालयात नक्की विचारा.