वातींचा डबा

गेल्या दिवाळीत चकलांब्याला गेलो होतो. आजीने देवघरातून वातींचा डबा काढला आणि मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. रावळगाव! गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा. अर्धी अक्षरं उडालेली, कडेला गंज.

मला असे डबे जमवायचा नाद आहे. पुण्यात जुन्या बाजारात रविवारची सकाळ घालवतो, घरचे हसतात. असो. रावळगाव म्हणजे वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यात १९३३ मध्ये काढलेला साखर कारखाना. गोळ्या पुढे १९४२ पासून. आपल्या पिढीला पान पसंद आणि मँगो मूड आठवतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे ब्रँड २७ कोटींना रिलायन्सकडे गेले.

डब्याचं वय काढणं हे डिबगिंगसारखंच. तारीख कुठेच नसते, मग पुरावे शोधायचे. पत्त्यात पिनकोड नाही? मग बहुधा १९७२ च्या आधीचा. वजन पौंडात? मग आणखी मागे जा, कारण किलो-ग्रॅम आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले. आजीच्या डब्यावर 'पौंड' शब्दाचा शेवटचा तुकडा दिसत होता... मला रात्री झोप नाही!

सकाळी धीर करून मागितला.

"ने की लेकरा. पण वाती कशात ठेवू म्या?"

प्लास्टिकची बरणी दिली तर म्हणाली, हिचं झाकण ढिलं, पावसाळ्यात वाती सादळतात. खरंच होतं ते. डबा तिथेच ठेवला. फोटो मात्र चौदा काढले.

पण एक काळजी होती. दर दिवाळीला ती हा डबा राखेने घासते. ही छपाई सपाट पत्र्यावर आधी करतात, भट्टीत वाळवतात, मग पत्रा कापून डबा वळवतात. म्हणजे रंग नुसता वरवर. पहिल्याच वर्षी मी एक डबा चिंचेने घासून कोरा करून बसलोय, त्यामुळे हे चांगलंच ठाऊक आहे. आजीला म्हटलं, "नुसता कोरड्या फडक्याने पूस."

"देवाजवळचा डबा, घासायचा न्हाई व्हय?"

शेवटी "बरं" म्हणाली.

यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधी मुद्दाम फोन केला. डबा घासू नकोस गं.

"कालच घासला," आजी म्हणाली. "लखलखीत झालाय बघ!"