उनपदेवचा रविवार

सुट्टीचा शेवटचा दिवस हा सुट्टीचा नसतोच मुळी! अंग घरात, डोकं ऑफिसात. चार्जर कुठंय, बॅग भरली का, सोमवारच्या मीटिंगचं काय... त्यावर हल्लीचा उपाय म्हणजे स्पा. मंद दिवे, बासरीची सीडी छाप संगीत, गुबगुबीत टॉवेल आणि बिल बघून पुन्हा चढलेला ताण.

मला विचाराल तर हा दिवस उनपदेवला घालवावा. छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव गाठायचं, मग चोपडा तालुक्यातलं अडावद. केळीच्या बागा संपल्या की सातपुड्याच्या पायथ्याशी दगडी गायमुखातून पडणारी गरम पाण्याची धार. थंडीत तर तिची वाफ दिसते. शरभंग ऋषींना त्वचेचा आजार होता, म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा सांगतात.

ज्वालामुखी वगैरे इथे काही नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. बस्स. सगळ्यांच्या फोटोंत दिसणारं आइसलँडचं ते निळंशार ‘ब्लू लगून’ मात्र निसर्गनिर्मित नाही बरं का! शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्राने सोडलेल्या पाण्याचं ते तळं आहे. आपला झरा अस्सल आहे, फक्त तिकडे बाथरोब देतात आणि इकडे आपला टॉवेल आपण न्यायचा.

दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी मी मावशीला घेऊन गेले. मावशी चोपड्याची. दोन्ही हातांवर, कोपरांपर्यंत सोरायसिस, वीसेक वर्षांपासून. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे डॉक्टर सांगून दमले. पण लग्नघरात हळद लावायला तिला कुणी पुढे बोलावत नाही, आणि मे महिन्यातही ती लांब बाह्यांचाच ब्लाऊज घालते. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी एका स्पामध्ये बुकिंग केलं होतं. फॉर्मवर प्रश्न होता, ‘त्वचेचा काही आजार?’ मावशीने खरं ते लिहिलं. रिसेप्शनवरची मुलगी इतकं गोड ‘सॉरी’ म्हणाली की भांडताही येईना. ‘‘राहू दे गं, मला तशीही भूक लागलीये,’’ मावशी म्हणाली. आम्ही डोसा खाऊन घरी आलो.

उनपदेवला कुणीच काही विचारलं नाही. म्हणजे, विचारलं! एका कडेला आम्ही चार-पाच बायका तांब्या-बादली घेऊन बसलो होतो. शेजारच्या काकूंनी मावशीच्या हातांकडे सरळ बघितलं आणि एस.टी. किती वाजताची आहे, या सुरात म्हणाल्या, ‘‘किती वर्षं झाली?’’

‘‘वीस.’’

‘‘माझी अकरा.’’ त्यांनी साडी जरा वर घेऊन पोटऱ्या दाखवल्या.

मग काय, कुठला डॉक्टर, कुठलं मलम, थंडीत किती खाजतं, सून काय म्हणते... मावशीने बोलता बोलता बाह्या वर सारल्या. काकूंनी न विचारताच तिच्या हातांवर तांब्या ओतला. माझ्या देखत तिच्या हातांना परक्या माणसाने हात लावलेला मला तरी आठवत नाही. मी घोटाभर पाण्यात पाय सोडून बसले. मोबाइल पर्समध्येच राहिला.

या पाण्याने सोरायसिस जात नाही. मावशीलाही ते पक्कं माहीत आहे. फार कढत पाण्याने कातडी आणखी कोरडी पडते, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून ती बादलीत पाणी निवू देते आणि अंघोळ झाली की पिशवीतून मलमाची ट्यूब काढते. त्या दिवशी अर्धी ट्यूब काकूंच्या पायांना लागली.

परतताना अडावदला चहाला थांबलो. बाह्या अजून वरच होत्या. बाकावरचा माणूस टक लावून बघत होता. मावशीने त्याच्यासमोरच बशीत चहा ओतला, निवांत फुंकर मारली आणि मला म्हणाली, ‘‘अजून एक सांग गं, आणि आलं जास्त घालायला सांग.’’