आपण हरलो!

क्रिकेटमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. चेंडू आत वळला की बाहेर गेला, हे टीव्हीवर तीनदा संथ गतीने दाखवल्याशिवाय मला उमगत नाही. आणि तिसऱ्या वेळी उमगतं, तेही शेजारचा माणूस काय म्हणतो ते ऐकून. पण वीस वर्षं मराठी शिकवता शिकवता एक खोड मात्र जडली आहे. माणसं काय बोलतात यापेक्षा कशी बोलतात, इकडे माझे कान आधी जातात. बाकीची मंडळी सामन्यातल्या धावा मोजत असतात, आणि मी त्या मंडळींची सर्वनामं मोजत असतो!

तुम्ही म्हणाल, सर्वनामांत मोजण्यासारखं काय आहे? आहे तर! इंग्रजांचं एकाच शब्दात भागतं, हिंदीवाले 'हम' म्हणून मोकळे होतात. आपल्या मराठीत मात्र 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. 'आपण' म्हटलं की तो घरात. दारी आलेल्या पाहुण्याला ''आम्ही आता जेवतो'' असं म्हणून पाहा, तो बिचारा चपला शोधू लागेल. ''आपण आता जेवू'' म्हणा, तो हात धुवायला उठेल. एवढं सामर्थ्य या साध्या शब्दांत आहे. आणि त्यांची खरी कसोटी व्याकरणाच्या तासाला लागत नाही. आपला संघ हरू लागला म्हणजे लागते.

१९ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आठवतो ना? अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दिवाळी आठच दिवसांपूर्वी झालेली. आमच्या घरी चिवड्याचा तळ लागलेला होता, पण फटाक्यांची एक माळ मुद्दाम राखून ठेवलेली होती. सलग दहा सामने जिंकलेला संघ तो, अकराव्याची काय मातबरी! दुपारी दोन वाजता आमच्या दिवाणखान्यात सर्वत्र 'आपण' नांदत होतं. ''आपण साडेतीनशे करू.'' रोहित शर्मा ४७ धावा काढून परतला, तरी ''आपण तीनशे तर करूच.'' मग चौकार आटले. कोहली ५४ वर त्रिफळाचीत झाला आणि टीव्हीतलं ते अफाट मैदान एकदम मुकं झालं. आमच्या घरातलं 'आपण'ही तिथेच डळमळलं. डाव २४० वर आटोपला, तेव्हा सोफ्यावरून उद्गार आला, ''यांना दडपण घेताच येत नाही.'' यांना! ऑस्ट्रेलियाचे तीन गडी ४७ धावांत परतले, तेव्हा घटकाभर 'आपण' पुन्हा डोकावून गेलं. पण हेड आणि लाबुशेन ठाण मांडून बसले, आणि रात्री शेवटी जे उरलं ते असं : ''हे लोक जाहिरातीच करोत.''

दुपारी आपण, संध्याकाळी यांना, रात्री हे लोक! ती माळ मग तुळशीच्या लग्नात वाजवली.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या सियाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली याच गोष्टीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना फोनवरून त्यांच्या फुटबॉल संघाच्या सामन्याविषयी विचारलं. संघ जिंकला असेल तर पोरं 'आपण जिंकलो' म्हणत. हरला असेल तर 'ते हरले' म्हणण्याकडे त्यांचा कल असे. ते वाचून मला केवढा आनंद झाला! आपली खोड निव्वळ खोड नसून शास्त्र आहे, हे कोणाला आवडणार नाही?

पण या शास्त्राला माझ्याच घरात एक अपवाद बसलेला आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

माझ्या वडिलांना घरीदारी सगळे 'भाऊ' म्हणतात. भाऊ रेल्वेत होते. गोंदिया जंक्शनच्या मालधक्क्यावर तांदळाच्या पोत्यांचा हिशेब लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना दोन व्यसनं : एक सुपारीचं आणि दुसरं विदर्भाच्या रणजी संघाचं. पहिल्याने दात गेले. दुसऱ्याने काय गेलं, ते आईच सांगू शकली असती. विदर्भ रणजी स्पर्धेत उतरला १९५७ साली, आणि त्याने पहिल्यांदा करंडक उचलला तो २०१८ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेला. मधली साठ वर्षं काय झालं? फार काही झालं नाही. नागपूरचं वर्तमानपत्र गाडीने येई, आतल्या पानावर कोपऱ्यात विदर्भाचा धावफलक असे, आणि भाऊ तो कापून एका लांबट वहीत खळीने चिकटवत. त्यातून पुन्हा गंमत अशी की मध्य विभागात विदर्भाशी खेळणाऱ्या संघांत एक संघ रेल्वेचा! म्हणजे भाऊ पगार घेत रेल्वेचा आणि देव पाण्यात ठेवत विदर्भासाठी. त्यांच्या साहेबाच्या हे कानावर गेलं असतं, तर भाऊंची बदली कुठल्या कुठे झाली असती.

लहानपणी मला त्या वहीची लाज वाटे. माझ्या मित्रांच्या वह्यांत तेंडुलकरची चित्रं. आमच्या घरात पराभवांची कात्रणं. कोणी पराभव जपून ठेवतं का?

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती क्रिकेटची नाही.

आमचा मुलगा २०२४ साली बारावीला होता. जानेवारीत त्याने अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा दिली. फेब्रुवारीत निकाल आला. तो आकडा इथे लिहीत नाही. घरातल्या माणसांनी त्या दिवशी दिवा लावायचासुद्धा कंटाळा केला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. दहावीत तो शाळेत पहिल्या पाचांत होता, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटताना म्हणालो होतो, ''आमच्या चिरंजीवांनी नाव काढलं.'' आता मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पत्नीला म्हणालो, ''तुझ्या मुलाचे मार्क पाहिलेस?''

ती काही बोलली नाही. पोळी तव्यावर फुगली होती, ती तिने उलटवली. आत मुलाच्या खोलीचं दार हलकेच लागलं. सर्वनामं मोजणाऱ्या माणसाला आपलं स्वतःचं सर्वनाम तेवढं ऐकू आलं नाही!

त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, मुंबईत वानखेडे मैदानावर रणजीचा अंतिम सामना सुरू झाला. मुंबई विरुद्ध विदर्भ. एकेचाळीस वेळा करंडक जिंकलेली मुंबई, आणि दोनदा अंतिम फेरी गाठून दोन्ही वेळा जिंकलेला विदर्भ. पहिल्या दिवशी मुंबई २२४ वर संपली आणि गोंदियात 'आपण'ला ऊत आला. दुसऱ्या दिवशी विदर्भ १०५ वर गारद झाला, आणि कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर 'आपण' औषधालासुद्धा सापडेना. टपरीवाला गाळणी आपटत म्हणाला, ''आपल्या इथून विदर्भ एक्सप्रेस मुंबईले बराबर जाते जी सर. ह्या टीमचं मुंबईत गेल्यावरच इंजिन फेल होते!'' सगळे हसले. मीही हसलो. अर्थशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी तर, या संघावर भावना गुंतवणं म्हणजे बुडीत कर्ज, असा निकालच दिला. तिसऱ्या दिवशी मुंबईने दुसऱ्या डावात ४१८ केल्या. विदर्भापुढे लक्ष्य ठेवलं गेलं ५३८ धावांचं. टपरीवर त्या आकड्याला कोणी दुरुत्तरसुद्धा केलं नाही. माणूस रागावतो तोवर नातं असतं. ती मंडळी रागावायचीही थांबली.

चौथ्या दिवसाअखेर विदर्भ ५ बाद २४८. पाचवा दिवस, गुरुवार, १४ मार्च. माझा तास दुपारी होता. सकाळी साडेनऊला पाहतो तो भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसलेले. मांडीवर ती वही.

''भाऊ, अजून दोनशे नव्वद पाहिजेत,'' मी म्हणालो. ''नाही व्हायच्या.''

''मले हिशेब येते,'' भाऊ म्हणाले. ''बस.''

मुलगा दारात घुटमळत होता. महिनाभर तो या खोलीत फारसा आलाच नव्हता. भाऊंनी त्याच्याकडे न पाहताच बाजूची खुर्ची सरकवली. तो बसला. मग कोणी उठायचं नाही असा अलिखित नियम झाला, कारण कोणी उठलं की गडी बाद होतो, ही जगातल्या सर्व प्रेक्षकांची श्रद्धा आहे. पत्नीने चहा आणला तो दारातूनच हातोहात पुढे सरकवला. ''मामाजी, बिस्किट?'' तिने विचारलं. मामाजींनी नुसती मान हलवली. हात हलवायचीही चोरी!

आणि काय सांगू, कप्तान अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळत राहिले. तास गेला, दोन तास गेले, उपाहार झाला, गडी बाद होईना. वाडकरचं शतक झालं. माझा फोन टपरीवरच्या मंडळींच्या संदेशांनी थरथरू लागला. तीन दिवस बेपत्ता असलेलं 'आपण' हळूच परत आलं होतं : 'सर, आपण मारतो काय मॅच?'

मग ३५३ वर वाडकर गेला. पायचीत. १३० धावांची भागीदारी तुटली. मागोमाग दुबे ६५ वर गेला. मग एकेक. शेवटचे पाच गडी पंधरा धावांत. ३६८ ला सगळं संपलं. मुंबई १६९ धावांनी जिंकली, बेचाळिसाव्यांदा. माझ्या फोनवर संदेश आला, 'यांच्याकडून काही होत नाही.'

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. भाऊंनी खिशातून पेन्सिल काढली, वहीत तारीख घातली, आणि सहज, गाडी सुटली हे सांगावं तशा आवाजात म्हणाले,

''आपण हरलो.''

कोणावर दोष नाही, उसासा नाही. मी चमकून पाहिलं. हा शब्द मी आयुष्यभर या माणसाच्या तोंडून ऐकत आलो होतो आणि माझ्या मोजणीत तो कधी आलाच नव्हता. विदर्भ जिंको वा हरो, भाऊंच्या तोंडी एकच सर्वनाम होतं. त्या लांबट वहीत पराभवांची कात्रणं नव्हती. तो एका माणसाच्या हजेरीचा कागद होता.

मुलाने विचारलं, ''आजोबा, एवढं खेळून काय उपयोग झाला? हरलेच ना?''

''सकाळी साडेनऊलाच हरले असते, तर मी जेवून झोपलो असतो,'' भाऊ म्हणाले. ''त्यांनी मले बसवून ठेवलं.'' मग थोडं थांबून, ''पुढची परीक्षा कधी आहे तुझी?''

''एप्रिलमध्ये.''

''मग एप्रिलपर्यंत आपण बसू.''

नातू हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. ''आजोबा, पेपर मला एकट्यालाच द्यायचा आहे!''

''ते तर वाडकरलेही एकट्यालेच खेळावं लागते. आपण पाह्याले बसू.''

माझ्या घशाशी काहीतरी आलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पत्नीला म्हणालो, ''आपल्या मुलाला एप्रिलपर्यंत गणितासाठी कोणी लावायचं का?'' तिने माझ्याकडे पाहिलं. 'आपल्या' हा शब्द तिने बरोबर टिपला होता, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. प्राध्यापकाची बायको आहे ती.

एप्रिलमध्ये काही चमत्कार झाला नाही. गुण वाढले, पण हवे होते तेवढे नाही. ज्या कॉलेजची स्वप्नं आम्ही पाहत होतो ते मिळालं नाही. नागपूरचं एक मिळालं. भाऊंनी निकाल ऐकला आणि म्हणाले, ''आपल्याले नागपूर मिळालं. चांगलं आहे. जामठ्याचं स्टेडियम जवळ आहे.''

शिकागोच्या कब्स या बेसबॉल संघाविषयी मी वाचलं आहे. १९०८ नंतर थेट २०१६ साली त्यांनी अमेरिकेतली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. मध्ये एकशे आठ वर्षं गेली. तेव्हा लोकांनी मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावं लिहिली : आपल्या वडिलांची, आज्यांची, तो दिवस न पाहता गेलेल्या माणसांची. जिंकल्यावर 'आपण' म्हणताना त्यांना ती माणसं सोडून पुढे जावेना. भाऊंच्या वहीवरून हात फिरवताना मला ती खडूची भिंत आठवते. आमचे भाऊ सुदैवाने खडूच्या भिंतीवर जायचे नव्हते. २०१८ चा करंडक त्यांनी पाहिला, २०१९ चाही पाहिला.

आणि २ मार्च २०२५ चाही. त्या दिवशी जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. फोन वाजला. पलीकडे मैदानावरचा गलका आणि त्यात आमच्या चिरंजीवांचा फाटलेला आवाज : ''आजोबा, आपण जिंकलो!''

फोन ठेवल्यावर मी भाऊंची गंमत करावी म्हणून म्हटलं, ''पाहा, जिंकल्याबरोबर याचं 'आपण' सुरू झालं.''

भाऊ वहीचं पान शोधत होते. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

''त्याले शोभते,'' ते म्हणाले. ''मागच्या वर्षी हरलो तवा तो आपल्यासंगं बसला होता.''

मग पेन्सिल माझ्यापुढे करत म्हणाले, ''घे. आज तू लिही. माझा हात कापते.''