इवल्या ग्रंथींचा मोठा कारभार

रात्री दीड-दोनला फोन वाजला की काळजात धस्स होतं. घशाला कोरड पडते, तळहात गार होतात, छाती धडधडू लागते. फोन उचलावा तर 'राँग नंबर'! पलीकडचा माणूस मोकळा होतो, पण आपली धडधड काही लगेच थांबत नाही.

घाबरणं हे मनाचं काम, असं आपण धरून चालतो. पण त्या धडधडीत मोठा वाटा असतो दोन इवल्याशा ग्रंथींचा. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर त्या टोपीसारख्या बसलेल्या असतात. इंग्रजीत त्यांना अॅड्रीनल म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात 'अधिवृक्क' ग्रंथी. नाव भारदस्त, पण एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर साखरेएवढं. उजवी साधारण त्रिकोणी, डावी चंद्रकोरीसारखी.

प्रत्येक ग्रंथीचे दोन भाग असतात, आतला गाभा आणि बाहेरची साल. संकटाची वर्दी मिळताच गाभ्यातून अॅड्रीनलिन रक्तात उतरतं. हृदय जोरात चालतं, श्वासनलिका रुंदावतात, साठवलेली साखर रक्तात येते, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. पळा किंवा लढा, दोन्हींची तयारी! हे रसायन जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने 1901 साली न्यूयॉर्कमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तीव्र अॅलर्जीने श्वास कोंडलेल्या रुग्णाला आजही याच औषधाचं इंजेक्शन वाचवतं.

गंमत अशी, की गाजावाजा सारा गाभ्याचा, पण जीव मात्र सालीत! गाभा नसला तरी माणूस जगू शकतो. साल निकामी झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर जगत नाही. घरात आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं; सर्वांच्या आधी उठून पाणी तापवणारी बाई आजारी पडेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. तसंच हे. सालीतून येणारं कॉर्टिसॉल पहाटेच वाढू लागतं, आपण उठण्याच्या सुमारास सर्वाधिक असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी होतं. रक्तदाब आणि साखर सांभाळणं, सूज आवरणं, ताप किंवा ऑपरेशनच्या वेळी शरीराला तग धरायला लावणं ही त्याची कामं. सालीतलंच दुसरं संप्रेरक अल्डोस्टेरॉन. ते शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही.

ही साल झिजली तर काय होतं, ते लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अॅडिसन यांनी 1855 साली लिहून ठेवलं. त्या आजाराला आजही त्यांचंच नाव आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनाही तो होता. वजन घटतं, सतत थकवा असतो, उठून उभं राहताच भोवळ येते, मळमळतं, खारट खावंसं वाटतं, त्वचा काळवंडते. गोऱ्या कातडीवर हा बदल चटकन दिसतो. आपल्याकडे मात्र 'उन्हाने रापली' म्हणून सोडून दिलं जातं. तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे आणि हिरड्या काळपट झाल्या असतील, तर ते ऊन नव्हे. बाई दिवसेंदिवस खंगत जाते आणि घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा! कुणी टॉनिकची बाटली आणून देतो, कुणी दृष्ट काढतो. आपल्या देशात क्षयरोगाचे जंतूही या ग्रंथी पोखरतात, त्यामुळे पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं, की शंकेला वाट मिळते. गरज पडल्यास पुढची तपासणी होते. निदान झालं तर गोळ्या रोज आणि जन्मभर घ्याव्या लागतात, पण त्यांच्या जोरावर संसार, नोकरी, बाळंतपण सारं निभावतं.

दुसरा धोका मात्र आपण स्वतःच विकत आणतो. 1948 साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला या सालीतलंच कॉर्टिसोन टोचलं. आठवड्याभरात ती बाजारात फिरून आली! 1950 साली हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन यांना नोबेल मिळालं. त्या औषधाची भावंडं म्हणजे आजची स्टेरॉइड्स. दमा, संधिवात, कितीतरी आजारांत ती वरदान आहेत, पण डॉक्टरांच्या हातात. आपल्याकडे ती गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुडीत असतात, वजन वाढवणाऱ्या गोळ्यांत असतात, चेहरा उजळवणाऱ्या मलमातही सापडतात. चार दिवसांत आजी टुणटुणीत होते आणि पुडी देणारा देवमाणूस ठरतो. मग चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात.

कुणीतरी 'हे वाईट औषध आहे' असं सांगतं आणि पुडी एका दिवसात बंद केली जाते. खरा घात इथेच होतो. बाहेरून आयता माल येतोय म्हटल्यावर मेंदूतल्या पियूष ग्रंथीने हुकूम देणं थांबवलेलं असतं आणि साल झोपी गेलेली असते. तिला जागं व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. मधल्या काळात साधा ताप किंवा जुलाब झाले, तरी रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. म्हणून तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ घेतलेलं स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायचं.

अशी गोळी चालू असलेल्यांनी, आणि अॅडिसनच्या रुग्णांनी तर नक्कीच, पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवावी: आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि रोजचं प्रमाण. तापात प्रमाण किती वाढवायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून त्याखाली लिहून घ्यावं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर उजाडायची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि दारातच ती चिठ्ठी पुढे करावी, कारण तिथे आधी लागतं ते हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन.